घर नसलेली पडवी

"मावशी, तिथं दार नाहीये हं," गाडी लावता लावता भाचा म्हणाला. मला वाटले, मोडले असेल. जंगलातून पाच-सात मिनिटे चालून पोचलो तेव्हा कळले, की दार बसवायला तिथे मुळात भिंतच नव्हती. तीन बाजूंना दगडी भिंती, वर छप्पर, आत झोपण्यापुरता लाकडी तळ आणि समोरची बाजू झाडांकडे सताड उघडी. पाटी नाही, पावती नाही, राखणदार नाही. थोड्या अंतरावर एक लोखंडी पेटी होती. ती आपल्या सामानासाठी नव्हे, अन्नासाठी. न्यू जर्सीच्या त्या कोपऱ्यात काळ्या अस्वलांची वस्ती दाट आहे, आणि त्या पेटीची कडी अस्वलाच्या पंजाला उघडता येत नाही.

जागेचे नाव मॅशिपाकाँग. १९३०च्या दशकातला हा निवारा 'अ‍ॅपलाचिअन ट्रेल' या पायवाटेवर आहे. दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातून निघून १४ राज्ये ओलांडत उत्तरेला मेनपर्यंत जाणारी ही वाट सुमारे ३,५०० किलोमीटरची आहे. न्यू जर्सी म्हटले की आपल्याला एडिसनची किराणा दुकाने आणि तिथे राहणारे कुणीतरी आठवते; पण त्याच राज्याच्या डोंगराळ कडेने या वाटेचे ११५ किलोमीटर जातात, हे तिथे वीस वर्षे राहिलेल्या माझ्या भाच्यालाही मी विचारल्यावरच कळले. संपूर्ण वाटेवर असे अडीचशेहून अधिक निवारे आहेत. सरासरी बारा-तेरा किलोमीटरवर एक, पण ही सरासरी चालणाऱ्याच्या काही कामाची नाही. कुठे दोन तासांत दोन लागतात, कुठे दिवसभर एकही नाही.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वाटा, घाट आणि त्यांवरच्या मुक्कामाच्या जागा यांचे वेड मात्र तरुणपणापासूनचे. हरिश्चंद्रगडाच्या लेण्यांत आणि रतनगडाच्या गुहेत रात्री काढल्या आहेत. पायथ्याच्या गावातल्या मारुतीच्या देवळात न विचारता पथारी पसरली आहे. त्यामुळे उघड्यावर झोपण्याचे अप्रूप नव्हते. कुतूहल दुसरेच होते. गुहा आयती मिळालेली असते, देऊळ देवासाठी बांधलेले असते. इथे मात्र कुणीतरी मुद्दाम, फक्त वाटसरूसाठी, तीन भिंती बांधल्या आणि चौथी बांधली नाही. का?

आपल्याकडे या रचनेला नेमका शब्द आहे. घराचे छप्पर खाली उतरवून बाजूला जी जागा काढतात ती पडवी. तिची एक बाजू उघडी असते. आत जायला परवानगी लागते, पडवीत टेकायला सहसा लागत नाही. मेन राज्यात या निवाऱ्यांना 'लीन-टू' म्हणतात, म्हणजे कशाला तरी टेकवलेले छप्पर. इथे टेकवायला घर नाही. घर नसलेली ही पडवी आहे.

तिचा आकार न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिराँडॅक डोंगरांतून आला. एकोणिसाव्या शतकात तिथले वाटाडे शहरी शिकाऱ्यांना आणि मासेमारांना रानात घेऊन जात आणि रात्रीपुरते ओंडक्यांचे, सालींनी शाकारलेले आडोसे उभारत. पाठ वाऱ्याकडे, तोंड शेकोटीकडे. छप्पर पुढे उंच आणि मागे उतरते, त्यामुळे समोरच्या जाळाची धग आत शिरून मागच्या भिंतीवरून झोपलेल्याच्या अंगावर परत येते. धुराडे नको, बिजागऱ्या नकोत, काचा नकोत. जे मोडेल असे त्यात फारसे काही नाही. व्हरमाँटमध्ये १९१० साली 'लाँग ट्रेल' नावाच्या वाटेचे काम सुरू झाले, तिच्यावरही अशा निवाऱ्यांची मालिका तयार झाली. त्या वाटेचे सुमारे १६० किलोमीटर पुढे अ‍ॅपलाचिअन ट्रेलला निवाऱ्यांसकट आयते मिळाले.

म्हणजे चौथी भिंत नसण्याचे पहिले कारण शेकोटी. गंमत अशी, की न्यू जर्सीच्या हद्दीत या वाटेवर आता आग पेटवायलाच बंदी आहे. शेकोटीसाठी उघडी ठेवलेली बाजू शेकोटी गेल्यावरही उघडीच आहे. तेव्हा दुसरेही काही कारण असले पाहिजे, आणि ते शोधताना मी बेंटन मॅकाय या माणसापाशी पोचले.

मॅकायचा जन्म १८७९चा. हार्वर्डमध्ये शिकलेला वनतज्ज्ञ. सरकारच्या वनखात्यात आणि मग कामगार खात्यात नोकरी केलेला. त्याची पत्नी जेसी हार्डी स्टब्ज स्त्रियांच्या मताधिकाराच्या आणि शांततेच्या चळवळीतली नावाजलेली कार्यकर्ती. एप्रिल १९२१मध्ये मानसिक आजाराच्या भरात तिने न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये जीव दिला. कोसळलेल्या मॅकायला चार्ल्स व्हिटेकर या मित्राने न्यू जर्सीतल्या आपल्या घरी बोलावून घेतले. व्हिटेकर वास्तुविशारदांच्या संस्थेच्या मासिकाचा संपादक होता. त्या उन्हाळ्यात तिथे बसून मॅकायने वर्षानुवर्षे डोक्यात असलेली एक कल्पना कागदावर उतरवली. १० जुलैला 'हडसन गिल्ड फार्म' इथे व्हिटेकर, मॅकाय आणि क्लॅरेन्स स्टाइन हा वास्तुविशारद असे तिघे बसले आणि लेख छापायचे ठरले. ही जागा मॅशिपाकाँगपासून गाडीने साधारण तासाभरावर आहे. ऑक्टोबर १९२१च्या अंकात लेख आला. विषय अ‍ॅपलाचिअन वाटेचा, पण उपशीर्षकात त्याने तिला प्रादेशिक नियोजनाचा प्रकल्प म्हटले होते.

हा लेख मूळातून वाचताना मी चकित झाले. गिर्यारोहणाचे कौतुक त्यात फारसे नाही. काळजी आहे ती कारखान्यांत आणि शहरांत पिचलेल्या माणसांची, त्यांच्या बिघडलेल्या शरीरांची आणि मनांची. त्याच्या योजनेत चार गोष्टी होत्या. पहिली वाट. दुसरी, आरामात एका दिवसात चालता येईल अशा अंतरांवर निवारे; सगळीकडे झोपण्याची सोय आणि काही ठिकाणी जेवणाची. तिसरी, वाटेच्या आसपास लोकांच्या छोट्या वसाहती, जिथे येऊन राहावे, शिकावे, विसावा घ्यावा; आणि तिथली जमीन नफ्यासाठी विकायची नाही. चौथी, सहकारी तत्त्वावरची शेते, जी या सगळ्यांना अन्न पुरवतील आणि गावाकडे परतू पाहणाऱ्यांना काम देतील. वाट हा फक्त दोरा होता. मणी म्हणजे निवारे, वसाहती आणि शेते.

पत्नीच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत लिहिलेल्या या मजकुरात तिचे नाव कुठे नाही. पण शहराने थकवलेल्या मनाला डोंगरात हक्काची जागा असावी, हा आग्रह मला तरी तिला वगळून वाचता येत नाही.

वसाहती झाल्या नाहीत, शेतेही झाली नाहीत. उरला दोरा, आणि मण्यांपैकी फक्त तीन भिंतींचे निवारे. हे असे का झाले, त्याचे उत्तर मायरन एव्हरी या दुसऱ्या माणसात आहे. एव्हरी मेनचा, सागरी कायद्याचा वकील, मॅकायपेक्षा वीस वर्षांनी लहान. १९३१पासून १९५२पर्यंत तो वाटेच्या मध्यवर्ती संघटनेचा अध्यक्ष होता. अंतर मोजायचे सायकलचे चाक ढकलत त्याने वाट टप्प्याटप्प्याने पालथी घातली, आणि १९३६पर्यंत ती संपूर्ण चाललेला तो पहिला माणूस ठरला. त्याला तत्त्वज्ञानात रस नव्हता. खुणा रंगवा, झुडपे तोडा, नकाशे काढा, निवारे उभारा. व्हर्जिनियात डोंगरमाथ्यावरून 'स्कायलाइन ड्राइव्ह' हा मोटाररस्ता निघाला तेव्हा दोघांचे फाटले. मॅकाय म्हणाला, मोटारी आल्या तर वाटेला अर्थच उरत नाही. एव्हरी म्हणाला, सरकारशी भांडलो तर वाटच उरणार नाही. १९३५नंतर दोघांत समेट झाला नाही. वाट १९३७ साली पूर्ण झाली, एव्हरीच्या पद्धतीने.

वाचकांपैकी बहुतेकांना मॅकाय जवळचा वाटेल, मलाही वाटतो. पण हातात कुऱ्हाड आणि चाक घेतलेला एव्हरी नसता, तर मॅकायचा लेख वाचनालयाच्या कपाटात राहिला असता आणि मॅशिपाकाँगला मी झोपले नसते.

निवाऱ्यांना खरी गती मिळाली ती मंदीच्या काळात. १९३३ साली रूझवेल्टने बेकार तरुणांसाठी 'सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर' सुरू केली. महिना ३० डॉलर, त्यातले बहुतेक २५ परस्पर घरी पाठवायचे. आपल्या रोजगार हमीशी याचे नाते कुणालाही दिसेल. या मुलांनी जंगले लावली, रस्ते केले आणि अनेक निवारेही बांधले. जॉर्जियातल्या ब्लड माउंटनच्या माथ्यावरचा दगडी निवारा त्यांचाच. मेनमधल्या काही जुन्या निवाऱ्यांत त्या काळच्या धाटणीची जमीन अजून दिसते: फळ्यांऐवजी मनगटाएवढ्या गोल काठ्या शेजारी शेजारी ठोकलेल्या. चालणारे तिला 'बेसबॉल बॅट' जमीन म्हणतात. तिच्यावर झोपलेल्याची पाठ सकाळी काय म्हणते, ते वेगळे सांगायला नको.

मग महायुद्ध आले, माणसे गेली, वाट झाडोऱ्यात बुडाली. या पडझडीची सर्वांत चांगली साक्षीदार एक आजीबाई आहे. ओहायोतली एमा गेटवूड, ११ मुलांची आई, नवऱ्याच्या मारहाणीत संसार काढून अखेर घटस्फोट घेतलेली. १९४९च्या एका 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये तिने या वाटेवरचा सचित्र लेख वाचला. त्यात सगळे कसे नीटनेटके दिसत होते. ३ मे १९५५ला, वयाच्या ६७व्या वर्षी, ती जॉर्जियातून निघाली. पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली जाड कापडाची पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, झोपायची पिशवीही नाही. तिचा सगळा भरवसा निवाऱ्यांवर होता. प्रत्यक्षात त्यांतले कितीतरी पडलेले, जळालेले, नाहीतर राहण्याच्या लायकीचे नसलेले निघाले. ती पाचोळ्याच्या ढिगावर झोपली, सहलीच्या टेबलांवर झोपली, आणि वस्ती लागली की लोकांच्या घरांच्या ओसरीवर. २५ सप्टेंबरला ती मेनमधल्या कटाडिन शिखरावर पोचली. संपूर्ण वाट एका दमात एकटीने चाललेली ती पहिली स्त्री. नंतर वर्तमानपत्रवाल्यांना तिने वाटेच्या अवस्थेबद्दल चांगले खडसावून सांगितले, आणि क्लबांनी निवारे पुन्हा उभे करायला घेतले त्यात या फटकाऱ्याचा वाटा आहे असे मानले जाते. दोन वर्षांनी ती पुन्हा चालली. नंतर तिसऱ्यांदाही.

आज निवारे बरेच सुस्थितीत आहेत. त्यांची देखभाल तीस-एक स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक करतात. १९६८च्या कायद्याने वाट राष्ट्रीय झाली, तिची जमीन बव्हंशी सरकारी झाली. पण झाडू, फावडे आणि हातोडा अजून स्वयंसेवकांच्याच हातात आहे. निवाऱ्यात शिरताना एक गोष्ट हमखास दिसते. आढ्याला दोऱ्या लोंबत असतात, प्रत्येक दोरीच्या मध्ये रिकामा पत्र्याचा डबा उपडा ओवलेला आणि खाली आडवी काडी. काडीला शिधापिशवी अडकवायची. दोरीवरून उतरणारा उंदीर डब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर घसरतो. उंदीर हेच इथले कायमचे रहिवासी. आणि उंदरांमागे साप येतात, हे आपल्याला सांगायला नको. ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या राष्ट्रीय उद्यानात तर अस्वलांसाठी निवाऱ्यांच्या उघड्या बाजूला एके काळी लोखंडी जाळी होती. अस्वले मोकळी, माणसे पिंजऱ्यात. आत सुरक्षित बसलेली माणसे जाळीतून अस्वलांना खाऊ घालतात असे लक्षात आल्यावर त्या जाळ्या हळूहळू काढून टाकल्या.

दुसरी हमखास वस्तू म्हणजे वही. प्लास्टिकच्या पिशवीत, पेनासकट. येणारा तारीख आणि आपले टोपणनाव लिहितो, वर दोन ओळी: पुढचा झरा आटलाय, काल पिल्लांसह अस्वलीण दिसली, गुडघा दुखतोय. कुणी हरवले तर शोधपथक आधी या वह्या चाळते. शेवटची नोंद ज्या निवाऱ्यात आहे, शोध तिथून सुरू होतो.

तिसरी गोष्ट थोडी मागे, झाडांआड असते. दिवाळी अंकात शौचकूपाविषयी लिहू नये असे कुणाला वाटेल, पण निवारा टिकतो की सडतो ते तिथे ठरते. खोल खड्डा खणला तर मैला वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो, कारण तेवढ्या खोलीवर हवाही नसते आणि जीवजंतूही नसतात. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी शौचकूप जमिनीच्या वर उचलून, हवा खेळती राहील अशा पेटीवर बांधतात. मातीचा सर्वांत जिवंत थर वरचा वीतभरच असतो, मैला तिथेच राहतो. दर वेळी मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा. पेटीत गांडुळे सोडतात, आपल्याकडच्या गांडूळखताच्या टाकीतली लाल जात तीच. पेटी भरली की खोपटे शेजारच्या दुसऱ्या पेटीवर सरकवतात आणि पहिलीतल्याची सावकाश माती होऊ देतात.

आता भीतीविषयी. मी बाईमाणूस, सोबत भाचा होता म्हणून गेले, हे लपवत नाही. १९८१ साली व्हर्जिनियातल्या एका निवाऱ्यावर आणि १९९० साली पेनसिल्व्हानियातल्या एकात, प्रत्येकी दोन तरुण वाटसरूंचे खून झाले. इतक्या वर्षांत इतकी माणसे चालली त्या मानाने असे प्रकार फार थोडे, पण उघड्या भिंतीसमोर रात्री झोप येत नसताना हे गणित उपयोगी पडत नाही. पेनसिल्व्हानियातला तो निवारा पुढे पाडला आणि तिथेच नव्या नावाने नवा बांधला. मी त्याची छायाचित्रे शोधून पाहिली. मला पाहायचे होते, की आता तरी दार बसवले का. नव्हते बसवले. अनुभवी लोक सल्ला देतात तो वेगळा: मोटाररस्त्याजवळच्या निवाऱ्यात रात्र काढू नका, आत खोलवर जा. दाराऐवजी अंतर. मॅशिपाकाँग रस्त्याला लागून असल्याचे मला हा सल्ला वाचल्यावर आठवले.

त्या रात्री साडेनवाच्या सुमारास पाऊस सुरू झाला आणि थोड्या वेळाने दोन डोकेदिवे झाडांतून हलत येताना दिसले. भाचा उठून बसला. दिवे जवळ आले, त्यांखाली पन्नाशीतला एक माणूस आणि त्याची तरुण मुलगी, दोघे निथळत होते. त्याने इतकेच विचारले, की जागा आहे का. आम्ही आमच्या पथाऱ्या भिंतीकडे सरकवल्या. निवाऱ्यात आरक्षण नसते, आधी येईल त्याला जागा. पण पावसात आलेल्याला सगळ्यांनी दाटीवाटीने सामावून घ्यायचे, हा अलिखित रिवाज. दार असते तर ते वाजवावे लागले असते, आणि उघडायचे की नाही हे आतल्याने ठरवले असते. आतला आणि बाहेरचा असे दोन पक्ष पडले असते. चौथ्या भिंतीच्या अभावाचे दुसरे कारण मला त्या रात्री सापडले असे वाटते. कागदोपत्री ते कुठे नोंदलेले नाही, हेही सांगते.

दार असले की काय होते, ते याच वाटेवर न्यू हॅम्पशरमध्ये पाहता येते. व्हाइट माउंटन्समध्ये एका जुन्या गिर्यारोहण क्लबची आठ विश्रामगृहे आहेत. त्यांची परंपरा १८८८ सालच्या मॅडिसन स्प्रिंग हटपासूनची. युरोपातल्या आल्प्सच्या धर्तीवर बांधलेली, गरम जेवण, नाश्ता, गाद्या, तरुण सेवक. उत्तम व्यवस्था आहे. माणशी एका रात्रीचे शंभर डॉलरांहून अधिक. पैसे नसलेला लांबचा वाटसरू भांडी घासून जेवणाच्या खोलीत जमिनीवर झोपू शकतो, तेही दोघा-तिघांना जमले तर.

सध्या या उघडेपणावर दुसराच ताण आहे. दर वर्षी तीन हजारांहून अधिक लोक संपूर्ण वाट चालायच्या निश्चयाने निघतात. पूर्ण करतात साधारण चौघांतला एक. बहुतेक जण मार्च-एप्रिलमध्ये जॉर्जियातून सुरुवात करतात. मग बारा जणांच्या निवाऱ्याभोवती तीस-चाळीस तंबू पडतात, जमीन तुडवून टणक होते, आसपासची वाळकी लाकडे संपतात, उलट्या-जुलाबांची साथ एका निवाऱ्यातून दुसऱ्यात चालत जाते. वनाधिकाऱ्यांत दोन मते आहेत. एक म्हणते, निवारे हवेत, माणसांचा उपद्रव एका जागी गोळा होतो आणि बाकीचे रान वाचते. दुसरे म्हणते, निवारा आहे म्हणूनच गर्दी होते. जुने पडतील तसे काढून टाका, प्रत्येकाने आपला तंबू वाहावा. स्मोकी माउंटन्समध्ये तर परवाना सक्तीचा आहे आणि बहुतेकांना निवाऱ्यातली जागा आधी राखून ठेवावी लागते. दुसऱ्या मतात तथ्य आहे हे मान्य करूनही मी पहिल्याच्या बाजूने आहे. हलका, चांगला तंबू विकत घ्यायला पैसे लागतात. एमा गेटवूडकडे न्हाणीघराचा पडदा होता.

२०२०च्या वसंतात साथ आली तेव्हा संघटनेने लोकांना वाट सोडून घरी जायला सांगितले. अनेक ठिकाणी निवारे आणि शौचकूप अधिकृतपणे बंद झाले. दारच नसलेली खोली बंद कशी करणार? सूचनेचा कागद लावून. त्याहून जास्त काही करण्याची सोय त्या बांधकामात ठेवलेलीच नव्हती.

प्रत्येक निवाऱ्याची जबाबदारी क्लबातल्या कुणा ना कुणाकडे नेमून दिलेली असते. बर्फ वितळले की हा माणूस भुशाची गोणी पाठीवर घेऊन चढतो. छपरावरचा पाचोळा काढतो, कुजलेली फळी बदलतो, झाडू मारतो, शौचकूपाची पेटी किती भरली ते पाहतो, मागे राहिलेला कचरा पिशवीत भरतो. भरलेली वही घरी नेण्यासाठी पाठपिशवीत टाकतो आणि कोरी वही, नव्या पेनासकट, खिळ्याला अडकवून खाली उतरतो.